मुख्य अर्जदार

बदलीचा हुकूम एकाच्या नावानं निघतो. त्याच्यामागं किती माणसं मुळासकट उपटली जातात, हे तुम्ही कधी मोजलंत? मोजलं नसेल तर लाजू नका, सरकारनंही मोजलेलं नाही. हुकमात एक नाव असतं, एक हुद्दा असतो आणि रुजू व्हायची तारीख असते. नवऱ्याचं दुकान, मुलीची शाळा, हाक मारली की ओ देणारी शेजारीण, यांना त्यात ओळ नसते. ही माणसं आपोआप येतात असं धरून चाललेलं असतं, जशी पातेल्याबरोबर झाकणी येते.

वजनमापे कार्यालयातल्या एका निरीक्षक बाईच्या हातात असाच हुकूम पडला. अख्खं कार्यालयच दुसऱ्या शहरात हलवायचं ठरलं होतं, त्यामुळे रडायला सगळेच होते. हिनं मात्र हुकूम वाचला, घडी घातली आणि बाजारात तपासणीला निघून गेली.

बाजारात तिला 'काटेवाली' म्हणायचे. पितळी वजनांची लाकडी पेटी खांद्याला लावून ती गल्लीत शिरली की चार दुकानांत एकदम खोकला सुरू व्हायचा. एकदा एका किराणावाल्यानं तिला खुर्ची पुसून दिली, थंडगार पाणी दिलं, मुलीच्या अभ्यासाची तोंड भरून चौकशी केली. तिनं पाणी पिऊन घेतलं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि पारड्याच्या खाली चिकटवलेलं लोहचुंबक काढून त्याच्याच तळहातावर ठेवलं. "हे तुमच्या नातवाला खेळायला द्या," म्हणाली. अशी बाई. कुणाच्या बापाला न घाबरणारी.

तिचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. जुन्या गावात एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं, इतकं लहान की गिऱ्हाईक आलं तर त्याला बाहेर यावं लागायचं. पण सगळा मोहल्ला त्याला 'मिस्त्री' म्हणायचा, आणि त्या गल्लीत काटेवालीला काटेवाली म्हणणारं कुणी नव्हतं. तिथं ती मिस्त्रींची बायको होती. बाहेर ती साहेब, गल्लीत तो. वीस-बावीस वर्षं हा हिशोब दोघांना बरोबर बसला होता.

बदलीनं तो मोडला. जिन्याखालचं दुकान भाड्याचं होतं, ते सोडलं. राहतं घर विकलं. हत्यारांची ट्रंक मिस्त्रीनं स्वतः बांधली आणि टेम्पोत स्वतः चढवली; हमालांना हात लावू दिला नाही.

नव्या कार्यालयाच्या फाटकावर दोघं पहिल्यांदा गेले, तेव्हा पहारेकरी ताडकन उठला आणि त्यानं मिस्त्रीला सलाम ठोकला. "या साहेब, बदलीवर आलात ना?"

"बदली हिची," मिस्त्री म्हणाला. "मी सामानात आलोय."

पहारेकरी हसला, आत बसलेले दोघे कारकून हसले. मिस्त्रीही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त. पण परतीच्या वाटेवर तो हात खिशात घालून चालत राहिला. काटेवालीनं ते पाहिलं. ज्या हातांना जन्मभर यंत्राच्या तेलाचा वास होता, त्यांना आता नुसता साबणाचा वास येत होता, आणि तो ते खिशात लपवत होता. 

आता मुद्द्याची गोष्ट. सरकारचा एक नियम आहे. सरकारनं हलवलं म्हणून कर्मचाऱ्याला घर विकावं लागलं आणि नव्या ठिकाणी कर्ज काढून घर घ्यावं लागलं, तर त्या कर्जापायी झालेला वरखर्च सरकार परत देतं. कर्ज मंजूर करायची बँकेची फी, घराची किंमत ठरवणाऱ्याची फी, कागद तपासणाऱ्या वकिलाची फी, गहाणखताच्या नोंदणीचा खर्च. व्याज नाही, हप्ता नाही. पण चिल्लर चिल्लर म्हणता जी घसघशीत रक्कम हातातून जाते, ती. नियम चांगला आहे, आणि चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं काही जात नाही. पण आधी तुम्ही भरायचं, मग पावत्या लावायच्या, मग वाट बघायची.

आधी भरायला काटेवालीकडे नव्हते. विकलेल्या घराचे निम्मे पैसे यायचे राहिले होते. तिचा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. इंजिनाच्या कामासाठी त्यानं बाजूला टाकलेली रक्कम त्यानं न मागता बहिणीच्या खात्यात टाकली. "ताई, इंजिन अजून महिना-दोन महिने ओढेल. तुझं बिल निघालं की दे," म्हणाला. तिनं शब्द दिला.

बँकेत गेले त्या दिवशी अधिकाऱ्यानं फॉर्म पुढे ओढला. मिस्त्री तेवढ्यात कोपऱ्यावर झेरॉक्स काढायला गेला होता.

"मुख्य अर्जदार कोण, मॅडम? तुमचंच नाव पहिलं घेतो."

"नाही. यांचं घ्या."

अधिकाऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "पगार तुमचा, हप्ता तुमच्या खात्यातून. शिवाय बाईचं नाव पहिलं असेल तर आमच्याकडे व्याजात थोडी सूट आहे."

"असू दे सूट. यांचं नाव पहिलं टाका."

"टाकतो की. मला काय," अधिकारी म्हणाला. "एवढी मागे सरकणारी साहेबीण पहिल्यांदा बघतोय."

मिस्त्री परत आला तेव्हा फॉर्मवर त्याचं नाव वर होतं, तिचं खाली. त्यानं खुर्ची नीट पुढे ओढून, कोपर टेबलावर टेकवून सही केली. मग एकेक पावती येत गेली. बँकेची, किंमत ठरवणाऱ्याची, वकिलाची. सगळ्यांवर पहिलं नाव त्याचं, कारण पावती मुख्य अर्जदाराच्या नावानं फाटते. तो ती प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून ठेवायचा. मुलगी म्हणायची, "बाबा, परीक्षेची मार्कशीट ठेवल्यासारखं ठेवताय." काटेवालीला वाटायचं, व्याजाची सूट गेली ती गेली, पण सौदा वाईट नाही झाला.

सौदा किती महागात पडला, ते पावत्या लावून दिलेलं बिल परत आलं तेव्हा कळलं.

कार्यालयातल्या लेखापालानं तिला टेबलाशी बोलावलं. निवृत्तीला आलेला, गोड बोलणारा माणूस. नाही म्हणायचं असलं तर तो आधी बसा म्हणतो. "बसा, मॅडम. काय आहे, पावत्या तुमच्या नावे नाहीत. सरकार पैसे तुम्हाला देणार, आणि भरलेत दुसऱ्यानं. वर काय उत्तर देऊ?"

"दुसरा कोण? नवरा आहे माझा. पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून गेलेत. बँकेचा उतारा लावलाय."

"लावलाय, बघितला. म्हणूनच म्हणतो, सोपं आहे. मिस्टरांची एक सही आणा, काम झालं." त्यानं खणातल्या गठ्ठ्यातून एक छापील कागद काढला. "हा अवलंबित असल्याचा नमुना. घरातला माणूस अवलंबून असेल, तर त्याच्या नावची पावती तुमची धरतात."

तिनं तिथंच वाचलं. 'मी खाली सही करणार लिहून देतो/देते की, मला स्वतःचे कोणतेही उत्पन्न नाही व मी कोणताही व्यवसाय करीत नाही. माझ्या निर्वाहासाठी मी पूर्णपणे माझ्या पत्नीवर/पतीवर अवलंबून आहे.'

"हे यांनी सही करायचं?"

"त्यात काय एवढं? बायका तर डोळे मिटून करतात. आपल्या ड्रायव्हरच्या मिसेसनी इथं उभ्या उभ्या केली. बिल निघालंसुद्धा."

तिनं कागद घडी घालून पर्समध्ये टाकला, आणि तिथंच राहू दिला.

बाजारातल्या दांडग्या व्यापाऱ्यांसमोर न लटपटणारी ही बाई घरातल्या एका माणसापुढे एक कागद ठेवू शकत नव्हती. रोज ठरवायची, आज काढते. तोपर्यंत मिस्त्रीनं गॅलरीत एक जुनी फळी ठोकून तिच्यावर हत्यारं मांडली होती. गिऱ्हाईक नव्हतं; तो पेचकस पुसायचा आणि परत जागेवर ठेवायचा. अशा माणसाला जाऊन सांगायचं, की तुम्ही कोणताही व्यवसाय करत नाही असं लिहून द्या? तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

भावाचा फोन यायचा. आधी हालहवाल, मग हळूच, "ताई, बिलाचं काही?" एकदा मात्र त्यानं हालहवाल विचारली नाही. "ताई, इंजिननं हात टेकले. टेम्पो दारात उभा आहे. तुला घाई करत नाही, पण..." त्या 'पण'नं तिचं जेवण गेलं.

एका संध्याकाळी ती घरी आली, तर गॅलरीतून आवाज आला. ड्रायव्हरची बायको आलेली. ड्रायव्हरही याच हुकमात बदलून आलेला. त्याची बायको शाळेचे गणवेश शिवते. जुन्या गावी ती मिस्त्रीचं गिऱ्हाईक होती, आणि नव्या शहरात फिरून फिरून शेवटी मशीन घेऊन त्याच्याकडेच आली होती. मशीन उघडं पडलेलं, मिस्त्रीचे हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले, आणि चेहरा कसा, तर दिवा लावल्यासारखा.

"मिस्त्रीभाऊ, इथल्या लोकांनी माझ्या मशीनची पार वाट लावली हो. एकानं तर स्क्रूच्या जागी खिळा घातला."

"खिळा नाही, गुन्हा आहे तो," मिस्त्री म्हणाला. "आता चालवा. आवाज ऐका."

तिनं चालवलं, खूश झाली, कनवटीच्या पाकिटातून पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. मग काटेवालीकडे वळून म्हणाली, "काय हो वहिनी, तुमचं बिल अजून अडकलंय म्हणे? आमचं कधीच निघालं. व्याज कमी म्हणून यांनी माझं नाव वर टाकलं होतं ना, मग तो कागद. सही ठोकली न् मोकळी झाले. तुमच्याकडं फक्त भाऊंची सही राहिलीय ना?"

मिस्त्रीचा फडका थांबला. "कसली सही?"

ड्रायव्हरच्या बायकोनं दोघांकडे पाहिलं, जीभ चावली आणि मशीन उचलून चालती झाली.

"कसली सही?" त्यानं परत विचारलं.

काटेवालीनं पर्स उघडली. कागद घड्यांवर मळला होता. मिस्त्रीनं तेलकट बोटं लागू नयेत म्हणून तो कडेनं धरून वाचला. एकदा. मग घड्यांकडे बघितलं.

"किती दिवस फिरवतेयस हा?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटायचं की नाही, हेही तूच ठरवणार? तिकडं तुझ्या भावाचा टेम्पो दारात सडतोय, आणि तू कागद पर्समध्ये उबवत बसलीस?"

"अहो, पण..."

"थांब. ती म्हणाली बाईचं नाव वर असलं की व्याज कमी. तुला माहीत होतं?"

तिनं नजर फिरवली. बाजारात तिच्यासमोर व्यापारी अशीच नजर फिरवतात.

"मग माझं नाव वर का टाकलंस?"

"फाटकावर तुम्ही म्हणालात, सामानात आलोय. मला नाही सहन झालं."

मिस्त्रीनं कागद फळीवर ठेवला. मग हळू म्हणाला, "म्हणजे मला खेळायला दिलंस. रडणाऱ्या पोराच्या हातात किल्ल्यांचा जुडगा देतात, तसं नाव दिलंस. आणि मी वेडा पावत्या लावून ठेवत होतो."

"हो, दिलं!" ती भडकली. "तुम्ही हात खिशात घालून फिरत होतात. दुकान माझ्यामुळं गेलं तुमचं. मी काय करायला हवं होतं? बघत बसू?"

"विचारायचं होतंस. नको म्हणालो असतो."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. आतल्या खोलीत मोठ्यानं धडा वाचणाऱ्या मुलीनं दार लोटून घेतलं.

मिस्त्रीनं हात पुसले. "आण पेन. करतो सही. टेम्पो तरी सुटू दे."

तिनं पर्समधून पेन काढलं, आणि हातातच धरून ठेवलं. "आत्ता तिनं दिलेले पैसे कुठं आहेत?"

"खिशात."

"मग 'कोणतेही उत्पन्न नाही' हे कसं लिहून देणार? हे खोटं आहे. काटा खोटा असला तर मी त्यावर शिक्का मारत नाही, तो सगळ्या बाजारापुढं तोडते. आणि घरात मारू?"

"तिनं मारला की. रोज गणवेश शिवते न् लिहून दिलं काही करत नाही म्हणून. तिला नाही लाज वाटली."

"तिनं वाचलाच नाही तो कागद."

"मग वाचून दाखव जा," मिस्त्री म्हणाला. "माझी लाज तुला लांबून दिसली. तिची जवळ उभी राहून दिसली नाही."

या वाक्यावर तिनं हातातल्या पेनाकडे पाहिलं. कारण ड्रायव्हरच्या बायकोनं ती सही केली तेव्हा ती तिथंच होती. पेन चालत नव्हतं, तर हिनंच आपलं दिलं होतं. "इथं खाली कर गं," असं म्हणालीही होती. नवऱ्यापुढं तोच कागद ठेवताना जीभ टाळ्याला चिकटली, आणि त्या बाईपुढं पेन कसं पटकन निघालं? ती काही वाईट बाई नव्हती. आपण सगळे असेच आहोत. बाई अवलंबून असते हे आपण इतक्या वेळा ऐकलंय, की तिच्या पायाखाली मशीन धडधडत असलं तरी आपल्या कानात शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि तिनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला. ड्रायव्हरची बायको आधी खो-खो हसली. "मग गणवेश काय भुतानं शिवले?" मग हसू विरलं. तिनं मशीनवरचा अर्धी बाही शिवलेला शर्ट उचलला, परत ठेवला. "वहिनी, पैसे आलेत आमचे. आता उकरून काढलं तर परत मागतील का हो?"

"माहीत नाही. मागतीलही."

"मग मी नाही येत. रागावू नका. तुम्ही भांडा. जमलं तर मला हाक मारा."

काटेवाली रागावली नाही. भांडणाचा खर्च ज्याला परवडतो त्यानंच आधी उतरावं.

घरी दोघांनी मिळून नवा मजकूर तयार केला. मिस्त्री सांगत गेला, ती लिहीत गेली, दोनदा भांडण झालं. शेवटी उतरलं ते एवढं: 'मी शिलाई मशीन दुरुस्तीचं काम करतो. पत्नीच्या बदलीमुळे माझं दुकान बंद झालं. नव्या ठिकाणी घरातून काम सुरू केलं आहे. कर्ज आम्हा दोघांचं आहे. सोबतच्या पावत्यांची रक्कम पत्नीच्या पगाराच्या खात्यातून भरली आहे. ही रक्कम मी दुसरीकडे कुठेही मागितलेली नाही व मागणार नाही.' खाली त्याची सही. यात एक शब्द खोटा नाही, आणि सरकारला जे जाणून घ्यायचं आहे, ते सगळं आहे.

दोघं मिळून लेखापालाकडे गेले. त्यानं वाचलं, आणि म्हणाला, "बसा." म्हणजे नाहीच.

"मिस्त्री, हे नमुन्यात बसत नाही. एका शब्दासाठी पैसे कशाला अडवता?"

"शब्द तुम्ही अडवलाय," मिस्त्री म्हणाला. "पैसे तुमच्याकडं, नमुना तुमचा. मी तर खरं लिहून दिलं."

"पण अवलंबून नाही असं लिहिल्यावर पावती मॅडमची कशी धरू?"

"खातं कुणाचं ते बघा ना," काटेवाली म्हणाली. "पैसे कुठून गेले ते उताऱ्यात दिसतंय. मग माणसाला कशाला झुकवता? दोघं मिळून घर घेतात, साहेब. ह्या नमुन्यात एकजण घर घेतो न् दुसरा त्याच्या ओट्यावर झोपतो."

लेखापालानं चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. "हा कागद मी छापलेला नाही, मॅडम. मी आलो तेव्हापासून खणात आहे. तुमचं वर पाठवतो. पण वेळ लागेल. आणि परत येईल, सांगून ठेवतो."

"आलं तर परत पाठवू."

त्यानं पोच दिली. मिस्त्री उठताना तो जरा घुटमळला. "तुम्ही मशीनचं काम करता म्हणालात... आमच्याकडं एक पडलंय. धागा तोडतं."

"घेऊन या," मिस्त्री म्हणाला. "पावती मिळेल."

बिल वर गेलं. 'कोणत्या नियमानुसार?' असा प्रश्न घेऊन परत आलं. काटेवालीनं उत्तर दिलं, 'कोणत्या नियमानं नाही?' ते पुन्हा वर गेलं. अजून आलेलं नाही. भावाच्या इंजिनाला मात्र हात लागला. मिस्त्रीनं गॅलरीतल्या कमाईतून त्याला थोडे थोडे द्यायला घेतले. पहिल्या वेळी भाऊ संकोचून म्हणाला, "दाजी, ते ताईच्या बिलातून..." मिस्त्रीनं त्याला तोडलं. "बिल सरकारकडं आहे. उधारी आपल्या दोघांची आहे. धर."

पावत्यांच्या पिशवीला तो आता हात लावत नाही. नाव का वर टाकलंस, हा प्रश्नही पुन्हा निघालेला नाही, पण मिटला असं कुणी समजू नये. कधीतरी बँकेचा कागद येतो, पहिलं नाव दिसतं, आणि दोघं क्षणभर वेगवेगळ्या दिशेला बघतात. घर दोघांचं आहे, हे कागदावर यायला अजून किती फेऱ्या लागणार कोण जाणे. पण घरात ते आता विचारून ठरतं.

लेखापालाच्या खणात तो छापील गठ्ठा आजही आहे. बदलून आलेल्या कुणाची बायको सही करायला आली, की काटेवाली आपल्या टेबलावरून उठते आणि तिला सगळं वाचून दाखवते. काहीजणी तरीही सही करतात, कारण घराचा हप्ता थांबत नाही. त्यांना ती काही म्हणत नाही.

तुमच्याही कचेरीत असा गठ्ठा असेलच. उद्या तुम्ही असा कागद घरी न्याल, नवऱ्यापुढं, बायकोपुढं किंवा म्हाताऱ्या बापापुढं ठेवाल, आणि 'इथं खाली कर' म्हणाल. एवढंच मागणं आहे: पेन आधी देऊ नका. आधी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवा, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि वाचताना त्यांच्या तोंडाकडे बघा.